वेखंडाचे बिऱ्हाड

वेखंड आपल्या घरांना ठाऊक असते ते वाळलेले. काष्ठौषधींच्या दुकानात, हिरडा आणि मुरुडशेंग यांच्यामधल्या बरणीत, बोटाएवढे तपकिरी, गाठीगाठींचे तुकडे पडलेले असतात. बाळंतविड्याच्या यादीत त्याचे नाव असते म्हणून घरात मूल जन्मले की ते आणायचे, सहाणेवर उगाळायचे, त्याची पूड न्हाऊ घातलेल्या पोराच्या टाळूवर चोळायची, उरलेला तुकडा पुस्तकांच्या कपाटात टाकायचा आणि पुढचे मूल होईपर्यंत विसरून जायचे. एकदा एम.ए.च्या वर्गात शिकवताना वेखंडाचा उल्लेख आला, तेव्हा मी सहज विचारले, "वेखंड म्हणजे काय हो?" एकाने सांगितले, झाडाची साल. एकीने सांगितले, कसले तरी वाळवलेले फळ. मागच्या बाकावरून एक प्रामाणिक आवाज आला, "मॅडम, तो दगड असतो ना?" वर्ग हसला. मला त्या मुलाचे कौतुकच वाटले. सहाणेवर जे उगाळतात ते एक तर लाकूड असते नाहीतर दगड, हा त्याचा तर्क काही अगदीच वाईट नव्हता.

मी वेखंड हिरवे पाहिले आहे ते केवळ माहेरच्या पुण्याईने. माझे माहेर अलिबागजवळ नागावचे. पुण्याहून निघाले की खोपोली, पेण आणि मग कार्लेखिंड ओलांडली की हवेचा पोतच बदलतो. गाडीच्या काचेला खारट ओलावा धरू लागतो. अलिबाग मागे टाकल्यावर आक्षीची खाडी लागते. या आक्षीत शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा एक शिलालेख आहे. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून त्याचे नाव घेतात आणि अभ्यासक त्यावर वादही घालतात. मराठीची मास्तरीण असूनही दरवेळी त्या दगडापाशी थांबण्याइतकी भक्ती माझ्यात नाही. पुढे काकूची घावने थांबलेली असतात.

नागाव, चौल, रेवदंडा, आक्षी, थळ, किहीम ही सारी अष्टागराची गावे. आगर म्हणजे वाडी. वाडीत वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर चढलेला विड्याचा वेल आणि खाली केळी, जायफळ, अळू, कर्दळ. या सगळ्या संसाराचे मूळ म्हणजे विहीर. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर रहाट होता. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, गाडगी भरभरून वर यायची, पन्हळीत रिती व्हायची, पन्हळीतून पाणी दगडी दोणीत, दोणीतून पाटात आणि पाटातून एकेका आळ्यात. हे सगळे ऐकायला जितके रेखीव, तितके प्रत्यक्षात नसे. गाडगी फुटकी असत, पन्हळ गळे, दोणीला चीर होती आणि पाटाचा काठ कुठे ना कुठे फुटलेला असे. शिवाय न्हाणीचे पाणी, भांडी विसळल्याचे पाणी, देवाच्या अभिषेकाचे पाणी हेही आपापल्या वाटा शोधीत असे. हे सांडलेले, गळलेले, कुणाच्या हिशेबात नसलेले पाणी दोणीच्या मागे एका खोलगट जागेत जमायचे. तिथे बारा महिने चिखल. आम्हां मुलांना तिकडे जायला बंदी, म्हणून आमचे पाय तिकडेच वळत.

त्या चिखलात काकूचे वेखंड होते.

दुरून पाहिले तर कुणीतरी हिरव्या तलवारी मूठ खाली करून रोवून ठेवल्यात असे वाटे. पाने अडीच-तीन फूट उंच, बोटभर रुंद, एकमेकांना घट्ट मिठी मारून पंख्यासारखी उठलेली. जवळ जाऊन एक पान हातात घेतले तर त्याची मधली शीर मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते आणि पानाच्या एका कडेला बारीक चुण्या असतात, साडीच्या काठाला घाईत इस्त्री फिरवल्यासारख्या. तीच ओळखीची खूण. पान चुरगळले की जो वास येतो तो दुकानातल्या वेखंडाचा नव्हे. त्यात संत्र्याच्या सालीची झाक असते, थोडा ओल्या मातीचा दर्प असतो आणि मागून येणारा एक तिखट धाक असतो. ज्याला आपण वेखंड म्हणतो तो या झाडाचा आडवा खोड-कंद. तो आल्यासारखा जमिनीत खोल शिरत नाही. चिखलाच्या पृष्ठालगत सरपटत जातो, पुढचे टोक हिरवे, मागचे जुने, आणि खालून दोऱ्यांसारखी मुळे सोडीत राहतो. ओला कंद कापला तर आत फिकट गुलाबी-पांढरा, हलका, जरासा स्पंजासारखा दिसतो. दुकानातला काळपट बरगडीसारखा तुकडा याच्याच पोटी जन्मला हे सांगूनही खरे वाटत नाही.

त्याचे फूल मी आजवर एकदाच पाहिले. पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्याच्या कुशीतून दोन-तीन इंचांचे हिरवट-पिवळे कणीस तिरपे बाहेर आले होते. अळवाच्या फुलाची वरची झूल काढून टाकली तर आत जे राहील तसे. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही बरीच वर्षे वेखंडाला अळू-सुरणाच्या गोतात बसवले होते. आता त्यांनी त्याला स्वतंत्र बिऱ्हाड दिले आहे आणि असा निवाडा केला आहे की गवत, केळी, नारळ, कांदा या सगळ्या एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षावर पहिली फांदी फुटली ती वेखंडाच्या घराण्याची. म्हणजे वाडीतला जो नारळ त्याच्या डोक्यावर ऐटीत डुलत होता, तो नात्याने याचा धाकटा!

पाण्याशी या झाडाचे नाते मोठे चमत्कारिक आहे. कमळासारखे ते पाण्यात राहत नाही आणि गुलाबासारखे कोरड्यावरही राहत नाही. त्याला काठ लागतो. ओढ्याचा काठ, तळ्याचा काठ, भातखाचराचा काठ. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे भागात त्याची रीतसर शेती होते, तीही भातासारखी पाणथळ जमिनीत. कानडीत त्याला 'बजे' म्हणतात. संस्कृतात ते 'वचा', आणि हा शब्द बोलण्याच्या 'वच्' धातूशी जोडलेला. मुलाची वाचा फुटावी म्हणून वेखंड जिभेला लावायचे, कीर्तनकाराने आणि गवयाने आवाजासाठी तुकडा गालात धरायचा, ही आपली जुनी समजूत त्या नावातच बसली आहे. 'उग्रगंधा' हे त्याचे दुसरे नाव. ते कुणी दिले असेल त्याने ओला कंद नक्की हुंगला असणार. चरकसंहितेत 'लेखनीय' म्हणजे शरीरातले साठलेले खरवडून काढणाऱ्या दहा द्रव्यांत त्याची गणना आहे. खरवडण्याचे आणि लिहिण्याचे क्रियापद एकच असावे, याची मौज माझ्यासारख्या परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या बाईला वाटल्यावाचून राहत नाही.

सात-आठ वर्षांमागे तंजावरला गेले होते. मराठीच्या प्राध्यापकाला तंजावर म्हणजे एक राहून गेलेले सासर असते. देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडीची दफ्तरे कापडांत बांधून ठेवलेली. सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले, पण त्यांची पुस्तके कसरीच्या तोंडी गेली नाहीत. त्यामागे एक घरगुती युक्ती आहे. वेखंडाची पूड, तीत काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर घालून पुरचुंड्या करायच्या आणि त्या पोथ्यांजवळ ठेवायच्या, ही तिथली जुनी वहिवाट. हे कळल्यावर मला आमच्या घरचे पुस्तकांचे कपाट आठवले. कुठे नागाव आणि कुठे तंजावर, पण कपाट उघडल्यावर येणारा वास एकच! तमिळमध्ये वेखंडाला 'वसंबू' म्हणतात. तिथल्या आयाबाया ते दिव्यावर भाजून, उगाळून पोराला लावतात, त्याचे तुकडे ओवून मनगटात घालतात आणि काही घरांत त्याचे नाव घेत नाहीत. 'नाव न घ्यायचे औषध' एवढेच म्हणतात. आपल्याकडे दिवेलागणीला काही वस्तूंची नावे घेत नसत, त्यातलाच प्रकार.

तंजावरहून परतले ती सुटीत सरळ नागावला गेले आणि काकूला म्हटले, "काकू, मला तुझं वेखंड दे. पुण्याला लावीन."

काकूने माझ्याकडे पाहिले. पुण्याच्या पाण्याविषयी तिचे मत मला ठाऊक होते. पण ती काही बोलली नाही. कोयता घेऊन चिखलात उतरली आणि एका जुन्या कंदाचा, डोळा असलेला, वीतभर तुकडा तिने छाटून आणला. मुळे बोटभर ठेवून कापली, पाने अर्धी छाटली, ओल्या फडक्यात गुंडाळून वर सुपारीची विरी बांधली. "हे मी चौलाहून आणलं होतं," ती म्हणाली. "लग्न होऊन आले त्या वर्षी. आईनं असंच बांधून दिलं होतं. वेखंड विकत घ्यायचं नसतं, मागून न्यायचं असतं. आणि एका घरी ठेवायचं नसतं."

"का गं?"

"एकाचं गेलं तर दुसऱ्याकडे मागायला जाता येतं."

काकूच्या या बोलण्याला शास्त्राचा केवढा आधार आहे ते मला नंतर वाचताना कळले. वेखंड आपल्याकडे क्वचित फुलते आणि बी तर त्याहून क्वचित धरते. युरोपातले वेखंड तर बी धरतच नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात आणि अशा विषम संख्येचा संसार पुढच्या पिढीत जात नाही. युरोपात ते मुळात नव्हतेच. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधींमध्ये त्यालाही जागा दिली. त्या पुस्तकाचा लॅटिन सारांश १५६७ मध्ये क्लुसियस नावाच्या वनस्पतिज्ञाने केला. पुढे हाच क्लुसियस व्हिएन्नात असताना, १५७४ च्या सुमारास, तुर्कस्तानाकडून आलेला वेखंडाचा जिवंत कंद त्याच्या हाती पडला. त्याने तो लावला, वाढवला आणि तुकडे मित्रांना वाटले. आज युरोपातल्या तळ्यांच्या काठांवर जे वेखंड माजलेले दिसते ते असे हातोहात आणि पुढे ओढ्या-नद्यांच्या पाण्याने पसरलेले. व्हिएन्नाचा तो पंडित आणि चौलाची काकूची आई यांची ओळख असण्याचे कारण नाही. पण कामाची रीत दोघांची एकच.

पुण्याला माझी सदनिका तळमजल्यावर आहे आणि मागे आठ फूट बाय सहा फुटांचा मातीचा तुकडा आहे. इमारतीच्या नकाशात त्याला 'उद्यान' म्हटले आहे. तिथे बूड न फोडलेली सिमेंटची एक रुंद कुंडी ठेवली. ओळखीच्या एका विद्यार्थ्याने मुळशीकडच्या भातखाचरातली चिकण माती पोत्यात भरून आणून दिली. वेखंडाला बागेतली भुसभुशीत, खत मिसळलेली माती नको असते. त्याला हवा पायाला धरून ठेवणारा चिखल. कुंडी काठोकाठ चिखलाने भरली, कंद आडवा ठेवला, अर्धा आत, अर्धा बाहेर, काकूने बजावल्याप्रमाणे. "आल्यासारखं पुरलंस तर कुजेल. त्याला आभाळ दिसू दे." मृग लागण्यापूर्वी आठ दिवस लावले. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत हिरवे टोक फुटले आणि दसऱ्यापर्यंत गुडघ्याएवढी पाने झाली. ऊन सकाळचे चार तास मिळाले तरी त्याची तक्रार नसते. पाणी मात्र एक दिवसही चुकता कामा नये. मी त्याला तांदूळ धुतल्याचे, भाजी निवडून धुतल्याचे पाणी घालते. पाणी गाळण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते क्षाराचे असते, ते घालीत नाही. थंडीत पानांची टोके पिवळी पडतात, जुनी पाने खाली लोळतात. अशा वेळी ती कापून टाकायची आणि घाबरायचे नाही. फाल्गुनात पुन्हा नवी येतात.

दुसऱ्या पावसाळ्यात महापालिकेचे एक गृहस्थ डासांच्या अळ्या शोधीत आले. त्यांच्या हातात विजेरी, बगलेत वही. आमच्या इमारतीतल्या सगळ्या कुंड्यांखालच्या बशा त्यांनी उलट्या केल्या आणि वेखंडापाशी येऊन उभे राहिले. "हे पाणी साठवलंय, मॅडम. दंड होईल."

"पाणी कुठे आहे? चिखल आहे," मी म्हणाले.

त्यांनी विजेरी मारली, बोट घातले, बोट दुसऱ्या पेरापर्यंत चिखलात गेले. वर पाणी नव्हते. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पाणथळ झाड म्हटले की लोक टाकी भरतात, मग त्यात डास होतात, मग गप्पी मासे आणतात, मग मांजर येते. वेखंडाला उभे पाणी चालते, पण लागत नाही. चिखल सदैव ओला राहिला की पुरे. गृहस्थ बोट धुऊन म्हणाले, "वास चांगला आहे हो. काय आहे हे?" सांगितले. "ते बाळगुटीतलं? ते असं असतं?" त्यांनी वहीत काय लिहिले कुणास ठाऊक, पण दंड झाला नाही.

कंद खणायचा तो वर्षभराने, पाने पिवळी पडू लागली की. बोटभर तुकडे करायचे, उन्हात वाळवायचे आणि पोत्यात घालून घासायचे, म्हणजे मुळांची दाढी निघून जाते. माझ्या कुंडीतून पहिल्या वर्षी मूठभर वेखंड निघाले. ते मी पुस्तकांच्या कपाटात ठेवले. डोळ्यांचे तुकडे मात्र तसेच ठेवले, चिखलात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीचे दिवस. आम्ही पुण्यात दूरचित्रवाणीवर नकाशा पाहत बसलो होतो, त्यावर एक पांढरी भिंगरी नेमकी आमच्या वाडीवरून फिरत होती. नागावचा दूरध्वनी किती दिवस लागला नाही. लागला तेव्हा नाना, माझे काका, एवढेच म्हणाले, "माणसं आहेत." मग थोड्या वेळाने, "सुपाऱ्या नाहीत."

दिवाळीत जाता आले. एकशे ऐंशी सुपाऱ्यांपैकी एकवीस उभ्या होत्या. नारळ निम्मे. पण मला धक्का बसला तो पडलेल्या झाडांचा नव्हे, तर उजेडाचा. त्या वाडीत जमिनीवर ऊन पडलेले मी जन्मात पाहिले नव्हते. सावली हीच तिथली छत होती आणि छत उडाल्यावर घरातल्या वस्तू उघड्यावर पडाव्यात तसे सगळे दिसत होते. सुपारी लावल्यापासून हाती यायला सहा-सात वर्षे जातात. नाना तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी झाडे पुन्हा लावली, कारण त्यांना दुसरे काही करता येत नव्हते. माझ्या चुलतभावाने मात्र वाडीच्या पुढल्या भागात चार खोल्या बांधायचे ठरवले. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी नागावच्या समुद्रावर येतात, त्यांना राहायला जागा लागते, जेवायला घरगुती जेवण लागते. यात त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पडलेल्या झाडांकडे पाहत सात वर्षे बसायला पुस्तकातली माणसे लागतात. त्याच्या मुलीचे शिक्षण चालू होते.

खोल्या झाल्या. विहिरीवर पंप आधीच होता, आता राहिलेल्या झाडांना ठिबक आले. थेंब न् थेंब मोजून मुळाशी जाऊ लागला. पाण्याची बचत झाली आणि ती व्हायलाच हवी होती, कारण उन्हाळ्यात विहिरीला मचूळ चव येऊ लागली होती. पण ठिबकाला गळणे माहीत नाही. पाट फुटत नाही, दोण चिरत नाही. न्हाणीचे पाणी नळीतून शोषखड्ड्यात गेले. दोणीमागच्या खोलगटात भराव पडला, वर पेव्हरच्या विटा बसल्या. आता तिथे गाड्या उभ्या राहतात.

काकूचा फोन आला. तिने वेखंडाचे नाव घेतले नाही. "तुझ्याकडचं आहे ना?" एवढेच विचारले.

"आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि दुसरे काही बोलू लागली.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला, म्हणजे त्याच चुलतभावाच्या मुलीला, मुलगा झाला. बाळंतपण नागावलाच. मी बारशाला निघाले तेव्हा कुंडीतून दोन चांगले तुकडे डोळ्यांसकट काढले, ओल्या फडक्यात बांधले आणि वाळलेले वेखंडही थोडे बरोबर घेतले. सुपारीची विरी पुण्यात कुठली? वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला.

वाळलेले वेखंड पाहताच काकूने सहाण काढली. भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने दुधाशिवाय काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"मी कुठे वाटीभर देत्ये? अर्धा वळसा."

"अर्धासुद्धा नको गं."

"तुला दिलं होतं. तुझ्या बापाला दिलं होतं. मेलात का?"

काकू माझ्याकडे वळली. शिकलेल्या पुतणीने आपली बाजू घ्यावी अशी तिची अपेक्षा होती आणि वेखंड तर मीच आणले होते. पण मला भाचीच्या बाजूने बोलणे भाग होते. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या आतड्यांत गाठी झालेल्या आढळल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालण्यावर बंदी आणली. शिवाय सगळे वेखंड सारखे नसते. गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या अमेरिकेकडच्या जातीत हे द्रव्य जवळजवळ नसतेच, तीन संचांच्या जातीत बेताचे असते आणि चार संचांच्या जातीत, जी आपल्या आशिया खंडात आढळते, तेलाचा मोठा भाग तेच असते. काकूच्या चिखलातले कोणत्या जातीचे, हे पाने पाहून कळत नाही. मी एवढे सगळे तिला सांगितले नाही. "काकू, आताचे डॉक्टर म्हणतात ते ऐकूया," असे म्हणाले. ती काही वेळ गप्प बसली. मग सहाण उचलून आत ठेवून आली. तिच्या पाठीकडे पाहताना मला बरे वाटले नाही. मी जिंकलेली बाजू बरोबर होती, पण त्या सहाणेवर तिने चार पिढ्यांची पोरे वाढवली होती.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याची चिंधी होती. वेखंडाचा एक तुकडा तीत बांधून तिने भाचीला विचारले, "पाळण्याच्या दांडीला बांधू? की तेही डॉक्टरांना विचारायचं?" भाची हसली, म्हणाली, "बांध. पण त्याच्या हाताला लागणार नाही असं उंच बांध."

राहिले ओले तुकडे. ते लावायचे कुठे, हा प्रश्न होता. काकू आणि मी सगळी वाडी फिरलो. जिथे म्हणून ओल असायची तिथे आता वाळू होती नाहीतर फरशी. विहिरीचा काठ सिमेंटने बांधलेला. अळू होते, पण न्हाणीचे पाणी गेल्यापासून तेही खुरटलेले. फिरता फिरता खोल्यांच्या मागच्या बाजूला आलो. चारही खोल्यांना वातानुकूलन यंत्रे आहेत, पाहुण्यांना त्यावाचून झोप येत नाही. यंत्रांच्या नळ्या भिंतीतून बाहेर आलेल्या आणि प्रत्येकीतून टप्‌ टप्‌ पाणी. खाली फरशीवर शेवाळाचा हिरवा डाग पडलेला. काकू त्या डागाकडे पाहत उभी राहिली. मग आत गेली आणि निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा कापलेला तळ घेऊन आली. त्यात पूर्वी नाना कोंबडखत कालवीत. पोखरणीकडून दोन घमेली गाळ आणायला तिने भावालाच पाठवले. तो कुरकुरत गेला, पण गेला. नळीखाली तळ ठेवला, चिखल भरला आणि दोन्ही तुकडे काकूने आपल्या हाताने आडवे ठेवले.

आता यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. पाने माझ्या कमरेला लागत होती. आठवड्याच्या अखेरीला चारही यंत्रे रात्रभर चालतात तेव्हा पिंपाचा तळ भरून वाहतो आणि मधल्या दिवसांत पाहुणे नसले की काकू तांब्या घेऊन जाते. मी तिथे असताना मुंबईच्या एक बाई, पाहुण्यांपैकी, केस पुसत मागच्या बाजूला आल्या. "ही लिली आहे का हो?" त्यांनी विचारले.

"वेखंड," काकू म्हणाली.

"अय्या! हे असं असतं?" त्यांनी पान चुरगळून हुंगले, पुन्हा हुंगले. "मला एक तुकडा द्याल? पैसे देते."

"पैसे नकोत. तुमच्याकडे ओल आहे का?"

"नाही हो. बाराव्या मजल्यावर राहतो आम्ही. नुसती गॅलरी."

"गॅलरीत असलं मशीन गळतं का?" काकूने वरच्या नळीकडे बोट केले.

"गळतं ना. खालच्यांशी रोज भांडण."

"मग आहे ओल," काकू म्हणाली आणि कोयता आणायला आत गेली.